‘गिरसप्पा’ बोटीची ओळख

आयर्लंडच्या नैर्ऋत्येला सुमारे तीनशे मैलांवर अटलांटिक महासागराचा तळ ४,७०० मीटर खोल आहे. आपल्या सह्याद्रीचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंचीचे. अशी तीन कळसूबाई तेथे एकीवर एक उभी केली, तर तिसरीचा माथा तेवढा पाण्याबाहेर डोकावेल. या खोलीवर सूर्यप्रकाश पोचत नाही आणि पाणबुड्या माणूस उतरू शकत नाही. २०११ च्या उन्हाळ्यात तेथे एका आगबोटीचा सांगाडा सापडला. ती कुशीवर कलंडलेली नव्हती; तळावर सरळ उभी होती आणि तिच्या मालखणांची तोंडे उघडी होती. काही काळ छाननी करून २६ सप्टेंबर २०११ रोजी शोधकर्त्यांनी जाहीर केले, की ही १९४१ च्या फेब्रुवारीत जर्मन पाणबुडीने बुडवलेली ‘गिरसप्पा’ होय.

हे नाव मराठी वाचकाला परके वाटू नये. शरावती नदीवरील ज्या प्रपाताला आज आपण जोगचा धबधबा म्हणतो, तो जुन्या मराठी पुस्तकांतून ‘गिरसप्पाचा धबधबा’ म्हणूनच आपल्या परिचयाचा आहे. पोर्तुगीज जिला मिरीची राणी म्हणत, त्या चेन्नभैरादेवीचे गेरसोप्पे ते हेच. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, म्हणजे मुंबई-कलकत्त्याच्या गोद्यांतली सुप्रसिद्ध ‘बी. आय.’, आपल्या बोटींना बहुधा आकारान्त नावे देत असे आणि त्यांतली पुष्कळशी हिंदुस्थानातील स्थळांची असत. त्या रिवाजानुसार एका मालवाहू बोटीला हे कानडी मुलखातले नाव मिळाले. इंग्रजी लेखनातून ते ‘गैरसोप्पा’ असे काहीतरी होऊन बसले, पण आपण तिला आपल्या परिचयाच्या नावानेच ओळखू या.

युद्धात बुडालेल्या एका मालवाहू बोटीची ओळख पटवणे म्हणजे नेमके काय करणे, आणि ते कोण, कशासाठी करतो, हा या लेखाचा विषय आहे. पहिला प्रश्न तंत्रज्ञांचा आहे. दुसरा मात्र अर्थशास्त्राचा आहे, आणि त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे, जो सहसा कोणी विचारीत नाही.

प्रथम बोटीची हकिकत. पहिले महायुद्ध संपल्यानंतर १९१९ साली इंग्लंडमधील पामर्स या कारखान्यात ती बांधून पूर्ण झाली. तिचे मूळ नाव ‘वॉर रोबक’. महायुद्धात पाणबुड्यांनी जहाजांचा इतका संहार केला होता, की ब्रिटिश सरकारने ठरावीक नकाशांवरून एकसारखी जहाजे झपाट्याने बांधवून घेण्याचा कार्यक्रम हाती घेतला होता; त्या जहाजांच्या नावांमागे ‘वॉर’ हा शब्द लागे. ‘बी. आय.’ने ती आपल्या ताफ्यात घेतली. ५,२३७ टनांची आणि चारशे फुटांच्या आतबाहेर लांबीची ही बोट वीस-बावीस वर्षे निमूटपणे माल वाहत राहिली. तिच्याविषयी कोणी काही लिहावे, असे त्या काळात काहीही घडले नाही. मालवाहू बोटींचे आयुष्य असेच असते.

डिसेंबर १९४० मध्ये ती कलकत्त्याहून निघाली. पोटात कच्चे लोखंड, चहा, किरकोळ माल, टपालाच्या थैल्या आणि चांदीच्या लगडी होत्या. आफ्रिकेला वळसा घालून ती फ्रीटाउनला आली आणि तेथून ३० जानेवारी १९४१ रोजी ‘एस. एल. ६४’ या ताफ्याबरोबर इंग्लंडकडे निघाली. वाटेत हवा बिघडली. जड ओझ्याच्या या बोटीचा कोळसा ताफ्याचा वेग सांभाळता सांभाळता भराभर संपू लागला. इंग्लंडपर्यंत पोचणे शक्य नाही, असे दिसताच १४ फेब्रुवारीला कप्तानाने ताफा सोडला आणि आयर्लंडमधील गॉलवे बंदराकडे मोहरा वळवला. युद्धकाळात ताफा सोडणे म्हणजे कळपातून एकटे पडणे. एका जर्मन टेहळणी विमानाने बोटीवर घिरट्या घातल्या आणि १६ व १७ फेब्रुवारीच्या मधल्या रात्री ‘यू-१०१’ या पाणबुडीचा पाणतीर तिच्या कुशीत घुसला. पुढची डोलकाठी कोसळली, तिच्याबरोबर बिनतारी यंत्राच्या तारा तुटल्या आणि संकटाचा संदेश पाठवणेच अशक्य झाले. वीसएक मिनिटांत सारे संपले.

बोटीवर सुमारे पंच्याऐंशी माणसे होती आणि त्यांतली बहुसंख्य हिंदी खलाशी होती. लाटांवर तीन होड्या उतरल्या, पण पुढे केवळ एकीचाच ठावठिकाणा लागला. तिच्यात तीसहून अधिक माणसे होती आणि सूत्रे सेकंड ऑफिसर रिचर्ड एअर्स यांच्या हाती होती. फेब्रुवारीतला अटलांटिक, गोठवणारा वारा, मोजके पाणी आणि मोजकी बिस्किटे. माणसे एकामागून एक थंडीने आणि तहानेने गेली. तेराव्या दिवशी, १ मार्च रोजी, होडी इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर लिझर्ड या भूशिराजवळ आली, तेव्हा थोडीच माणसे जिवंत होती. आणि तेथे फुटणाऱ्या लाटांत ती उलटली. किनाऱ्यावरच्या काही शाळकरी मुलींनी आरडाओरडा करून माणसे जमवली. एकटे एअर्स वाचले. बरे झाल्यावर ते पुन्हा समुद्रावर गेले आणि १९९२ पर्यंत जगले.

आता ओळख पटवण्याकडे वळू.

सर्वसाधारण समजूत अशी असते, की तळाशी जहाज सापडले म्हणजे त्याच्यावरचे नाव वाचायचे आणि वहीत टिपायचे. वस्तुतः नाव बहुधा रंगवलेले असते आणि रंग फार काळ टिकत नाही. नाव कोरलेली घंटा मिळाली तर उत्तमच, परंतु खोल समुद्रात पोलादाच्या ढिगाऱ्यातून ती मिळणे हा नशिबाचा भाग. त्यामुळे ओळख पटवण्याचे काम समुद्रावर नव्हे, तर दप्तरखान्यात सुरू होते.

‘गिरसप्पा’च्या बाबतीत दप्तरी पुरावा दुबळा होता. संकटाचा संदेश गेला नव्हता, म्हणजे बोटीने स्वतःचे शेवटचे स्थान कोणाला कळवले नव्हते. उरली एअर्स यांची जबानी आणि जर्मन पाणबुडीची रोजनिशी. पाणबुडीची रोजनिशी अक्षांश-रेखांशांत लिहिलेली नसते. जर्मन नौदलाने सारा महासागर चौकोनांत वाटून टाकला होता आणि सगळ्यांत लहान चौकोनाची बाजूसुद्धा सहा सागरी मैलांची होती. शिवाय पाणबुडीचे घड्याळ जर्मन वेळेवर चालणार, बोटीचे स्थानिक वेळेवर. बुडाल्याच्या तारखेबद्दल निरनिराळ्या नोंदींत जो एका दिवसाचा फरक आढळतो, त्याचे मूळ अशा ठिकाणी असते. त्यात ढगाळ हवेत दिवसेंदिवस तारे न दिसल्याने दोन्ही बाजूंनी अंदाजानेच मोजलेले स्थान. अशा अनेक शंकास्पद साक्षी जुळवून शोधक्षेत्र आखावे लागते आणि ते शेकडो चौरस मैलांचे भरते.

या क्षेत्रावरून मग सोनार नावाचे ध्वनियंत्र लांबच लांब तारेने ओढत नेतात. (सोन्याचांदीच्या शोधाला नेमके ‘सोनार’च लागावे, हा भाषेचा विनोद!) ते तळाजवळून फिरत ध्वनिलहरी सोडते आणि परत आलेल्या प्रतिध्वनींवरून तळाचे चित्र काढते. शेत नांगरावे तसे तासामागून तास घालत जायचे. चित्रात सरळ कडा, काटकोन आणि लांब सावली दिसली, की ते निसर्गाचे काम नव्हे, असे समजायचे. मग दूरनियंत्रित यंत्र दिवे व कॅमेरे घेऊन खाली जाते.

खरी परीक्षा तेथून पुढे. सांगाडा सापडला, पण तो कोणाचा? ‘गिरसप्पा’ एका ठरावीक नकाशाच्या पिढीतली होती, म्हणजे तिच्यासारख्या दिसणाऱ्या बहिणी समुद्रावर अनेक होत्या, आणि त्यांतल्या कित्येक याच युद्धात बुडाल्या. तेव्हा शोधकर्त्यांनी एकेक खूण ताडून पाहिली. मालखणांची संख्या व मांडणी, पाणतीराने पाडलेल्या भगदाडाची जागा, नांगराचा प्रकार, डेकवरचे पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेल्या भोकांची ठिकाणे, मागल्या बाजूचे दोर ओढण्याचे रहाट, बोट किती बुडाली आहे हे दाखवणारे आकडे आणि काळ्या-तांबड्या रंगाचे शिल्लक राहिलेले पट्टे, अशा खुणा होत्या. यांतली कोणतीही एक खूण घेतली, तर तिच्याने काही सिद्ध होत नाही. नांगर तसलाच दुसऱ्या बोटीलाही असू शकतो, पाणतीर तर शेकडो बोटींना लागले. पण या सगळ्या खुणा एकाच सांगाड्यावर एकत्र येण्याचा योगायोग उत्तरोत्तर दुर्मीळ होत जातो. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे सांगावयास नको. गुन्हेगाराची ओळख पटवतानाही न्यायालय हेच करते. एक साक्षीदार पुरत नाही, पुराव्यांची साखळी लागते.

या साखळीतली एक महत्त्वाची कडी मात्र चांदीची नव्हती. सप्टेंबर २०११ मध्ये ओळख जाहीर झाली, तेव्हा चांदीची एकही लगड कोणाच्या दृष्टीस पडलेली नव्हती. दिसला होता तो चहा. कलकत्त्याहून निघालेली, चहा लादलेली, या खणांची, या ठिकाणी पाणतीर लागलेली बोट एकच. ज्या चांदीसाठी एवढा खटाटोप चालला होता, ती खाली आहे याची हमी चहाने दिली!

चांदी मिळाली ती पुढच्या दोन वर्षांत. २०१२ व २०१३ या दोन उन्हाळ्यांत मिळून २,७९२ लगडी वर आल्या; वजन सुमारे ११० टन. विम्याच्या नोंदीत २,८१७ लगडी होत्या, म्हणजे शंभरात नव्याण्णवांहून अधिक हिशेब लागला. पाऊण शतकापूर्वीचा आणि पावणेपाच किलोमीटर पाण्याखालचा हिशेब इतका चोख लागावा, हे खरोखर थक्क करणारे आहे. आपल्याकडच्या पुष्कळ सहकारी संस्थांचे चालू वर्षाचे हिशेबही इतके चोख लागत नाहीत.

आता अर्थशास्त्राचा प्रश्न. हा खर्च कोणी केला? बोट बुडाली तेव्हा ब्रिटिश सरकारने युद्धजोखमीच्या विम्याखाली भरपाई दिली होती, त्यामुळे चांदीची मालकी सरकारकडे आली. जानेवारी २०१० मध्ये त्या सरकारच्या परिवहन खात्याने ओडिसी मरीन एक्स्प्लोरेशन या अमेरिकन कंपनीशी करार केला. शोधाचा सगळा खर्च कंपनीने आपल्या जोखमीवर करावा. चांदी मिळाली तर आधी खर्च वजा व्हावा आणि उरलेल्या रकमेतील ८० टक्के कंपनीने घ्यावेत, २० टक्के सरकारने. काही मिळाले नाही तर सरकारचा एक पैसाही जात नाही. सरकारच्या दृष्टीने सौदा शहाणपणाचा होता, असेच म्हणावे लागेल. कंपनीचे गणित चांदीच्या भावावर उभे होते. एप्रिल २०११ मध्ये औंसाला चाळीस डॉलरच्या वर गेलेली चांदी जुलै २०१३ मध्ये वीस डॉलरच्या आसपास आली होती. म्हणजे तळाशी सत्तर वर्षे निवांत पडलेल्या चांदीची निम्मी किंमत ती वर येता येताच विरली.

आमच्या शास्त्रात संयुक्त उत्पादन नावाची एक संकल्पना आहे. सरकी काढायची म्हणून कोणी कापूस पिकवीत नाही. कापूस पिकवला की सरकी आपोआप मिळते. ‘गिरसप्पा’ची ओळख ही अशी सरकी आहे. कंपनीला हवी होती चांदी. चांदीवर आपला हक्क सिद्ध करण्यासाठी बोट हीच, हे सिद्ध करणे भाग होते, म्हणून ओळख पटवली गेली. बोटीत केवळ चहा आणि कच्चे लोखंड असते, तर तीच माणसे त्याच रीतीने मेली असती, परंतु त्यांची बोट अद्याप अनोळखीच असती. पहिल्या महायुद्धात, फेब्रुवारी १९१७ मध्ये बुडालेली ‘बी. आय.’चीच ‘मँटोला’ ही बोट याच मोहिमेत २०११ मध्ये सापडली, तीही चांदीच्या आशेनेच.

यावर असा आक्षेप घेता येईल, की नफ्याच्या ओढीने का होईना, ज्ञान मिळाले ना? मिळाले, आणि ते अनपेक्षित रूपातही मिळाले. टपालाच्या थैल्यांतून ७१७ पत्रे निघाली. गाळ, अंधार आणि प्राणवायूचा अभाव यांमुळे कागद टिकला, अक्षरे टिकली. हिंदुस्थानातील गोऱ्या लोकांनी १९४० च्या नाताळाच्या सुमारास घरी लिहिलेली ती पत्रे. तज्ज्ञांनी त्यांची पाने विलग करून ती वाचण्याजोगी केली आणि २०१८ साली लंडनच्या पोस्टल म्युझियमने त्यांचे प्रदर्शन भरवले. व्यापारी दृष्टीने या पत्रांचे मोल चांदीपुढे नगण्य, पण मला विचाराल तर साऱ्या मोहिमेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. तथापि ती हाती लागली ती चांदीच्या शेजारी होती म्हणून, हेही विसरता येत नाही.

नफा हेच एकमेव साधन आहे असेही नाही. वेल्समधील बँगॉर विद्यापीठाच्या जहाजाने आयरिश समुद्राच्या साडेसात हजार चौरस मैलांतले २७३ सांगाडे ध्वनियंत्राने रेखाटले आणि दप्तरखान्यातील नोंदींशी ताडून त्यांतल्या कित्येकांची ओळख पटवली. २०२२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ‘टायटॅनिक’ला हिमनगांचा इशारा देणारी ‘मेसाबा’ ही व्यापारी बोट १९१८ साली पाणतीराने बुडाली होती. तिचा सांगाडा त्यांत ओळखला गेला. तेथे चांदीचा संबंध नव्हता. तो समुद्र उथळ, खर्च त्या मानाने थोडा आणि पैसा सार्वजनिक. ज्ञान ही सार्वजनिक वस्तू असेल, तर तिचा खर्चही सार्वजनिक तिजोरीतून व्हावा, हे पाठ्यपुस्तकातले तत्त्व तेथे प्रत्यक्षात उतरलेले दिसते. अटलांटिकच्या खोल तळाला ते लावणे कठीण आहे, हे मान्य.

परंतु मला खटकते ते वेगळेच. चांदीच्या लगडींचा हिशेब शेवटच्या पंचविसांपर्यंत लागला. माणसांचा हिशेब कोणी मांडला? एअर्स यांचे नाव शोधाच्या प्रत्येक बातमीत होते, आणि ते योग्यच होते. पण त्यांच्या होडीतल्या, आणि बाकीच्या दोन होड्यांतल्या हिंदी माणसांचा उल्लेख जवळजवळ सर्वत्र एका शब्दात उरकला गेला: ‘लस्कर’.

हा शब्द आपल्या लष्कराचाच भाऊ. युरोपीय जहाजांवर तो हिंदी खलाशांसाठी रूढ झाला आणि त्यात सारंग, तांडेल, खलाशी, आगवाले, भंडारी असे सारेच कोंबले गेले. कलकत्ता बंदरात भरती होणाऱ्यांत सिलहट, नोआखाली, चितगाव या भागांतील माणसांचा मोठा भरणा असे; मुंबई बंदरात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची, गुजरातेतली आणि गोव्याची माणसे असत. भरती सारंगाच्या मार्फत होई आणि नोकरीसाठी त्याचे हात ओले करावे लागत. पगार ब्रिटिश खलाशाच्या पगाराच्या पाव हिश्शापेक्षाही कमी. १९३९ साली युद्ध सुरू होताच अनेक बंदरांत हिंदी खलाशांनी संप केले, कित्येक तुरुंगात गेले, आणि मगच पगारात वाढ पदरात पडली. समुद्रातले धोके वाढले होते आणि त्या धोक्याची किंमत मागणारा माणूस मजुरांच्या बाजारात काही चूक करीत नव्हता. त्या वेळच्या इंग्रजी पत्रव्यवहारात मात्र याला बेशिस्त म्हटले गेले.

मृत्यूनंतरची व्यवस्थाही वेगवेगळी आहे. समुद्रात गेलेल्या ब्रिटिश व्यापारी खलाशांची नावे लंडनमध्ये टॉवर हिल येथे ब्राँझच्या पत्र्यांवर आहेत, आणि ती जहाजवार आहेत. म्हणजे बोटीचे नाव आणि त्याखाली तिची माणसे. अविभक्त हिंदुस्थानच्या खलाशांची दुसऱ्या महायुद्धातील नावे बांधीव ग्रंथांत आहेत. एक प्रत मुंबईत मशीद बंदर परिसरातील इंडियन सेलर्स होममध्ये आणि दुसरी चितगावला. त्यांत सुमारे सहा हजार व्यापारी खलाशी आहेत. ज्या बोटीवर ते एकत्र राबले आणि एकत्र बुडाले, तिची माणसे अशा रीतीने दोन खंडांत आणि दोन वर्गांत विभागली गेली. आपल्यापैकी किती जणांनी मशीद बंदरचा तो ग्रंथ पाहिला आहे? मुंबईतल्या शाळांच्या सहली राणीच्या बागेत जातात, गेटवेला जातात. तेथे जात असल्याचे ऐकिवात नाही.

मुंबईशी थेट निगडित असलेली दोन उदाहरणे हा मुद्दा अधिक स्पष्ट करतील. १९४० साली सरकारने रुपयातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले, एक रुपयाच्या नोटा काढल्या आणि जुने चोख रुपये चलनातून परत घेण्यास सुरुवात केली. राणीछाप आणि राजाछाप रुपये घरोघरी मडक्यांतून दडले ते तेव्हाच. १ ऑक्टोबर १९४२ रोजी ‘सिटी ऑफ कैरो’ ही बोट चांदीच्या रुपयांच्या सुमारे दोन हजार पेट्या घेऊन मुंबईहून इंग्लंडला निघाली. ६ नोव्हेंबरच्या रात्री दक्षिण अटलांटिकमध्ये सेंट हेलेना बेटाच्या दक्षिणेस ‘यू-६८’ पाणबुडीने तिला बुडवले. बोटीवरच्या ३११ माणसांपैकी १०४ दगावली. २०११ साली ५,१५० मीटर खोलीवर ती सापडली, ओळखली गेली, आणि कित्येक टन रुपये वर काढले गेले. ही बातमी बाहेर आली ती २०१५ मध्ये. त्यातले बहुतेक रुपये वितळवून विकले गेले. ज्या रुपयावर वर्ष होते, छाप होती, टांकसाळीची खूण होती, तो बोटीच्या ओळखीचा उत्तम पुरावा; पुरावा म्हणून काम झाल्यावर त्याची पुन्हा निव्वळ चांदी झाली.

दुसरी ‘टिलावा’. ही प्रवासी बोट ‘बी. आय.’चीच. नोव्हेंबर १९४२ मध्ये ती मुंबईहून पूर्व आफ्रिकेकडे निघाली. २३ तारखेला जपानी पाणबुडीने तिला दोन पाणतीर मारले आणि २८० माणसे गेली. बहुतेक हिंदी प्रवासी आणि खलाशी. तिच्या पोटात दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडण्यासाठी घेतलेल्या २,३६४ चांदीच्या लगडी होत्या. २०१७ साली एका ब्रिटिश कंपनीने त्या वर काढल्या आणि मग चांदी कोणाची यावर इंग्लंडच्या न्यायालयांत वर्षानुवर्षे खटला चालला. मे २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निर्णय दिला. चांदीचे दावेदार दोन होते आणि दोघांकडेही उत्तम वकील होते. मृतांचा दावा कोणी न्यायालयात नेला नाही. मात्र त्यांच्या वंशजांनी नावे गोळा केली, कुटुंबे शोधली, आणि २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, घटनेला ऐंशी वर्षे झाली तेव्हा, मुंबईत स्मृतिसभा भरवली. हे काम कोणत्याही सरकारने वा कंपनीने केलेले नाही. प्रवाशांची मुलेनातवंडे व्यापारात-व्यवसायात स्थिरावली होती, त्यांना ते जमले. खलाशाचा नातू दाभोळला किंवा नोआखालीला असतो. आजोबा ‘समुद्रात गेला’ एवढेच त्याला घरात सांगितलेले असते.

मला भावनेपेक्षा व्यवहाराची गोष्ट सुचवायची आहे. बुडालेल्या बोटीतला माल काढण्याचा करार जे सरकार करते, त्याने त्याच करारात एक कलम घालावे: बोटीची ओळख जाहीर करताना त्या दिवशी तिच्यावर असलेल्या सर्वांची, गोऱ्या-काळ्यांची एकत्र, यादी प्रसिद्ध केली पाहिजे आणि तिचा खर्च मालाच्या किमतीतून वजा व्हावा. ११० टन चांदीत हा खर्च शोधूनही सापडणार नाही. बोटीच्या नांगराचा प्रकार आणि रहाटांची जागा जुळवण्याइतका वेळ ज्यांच्याजवळ आहे, त्यांना जहाजाचा हजेरीपट काढणे अवघड नाही.

आणि आपल्या बाजूने करण्यासारखे तर त्याहून सोपे आहे. मशीद बंदरच्या ग्रंथांतील नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या सूचीत आहेत, आणि प्रत्येक नावापुढे बहुधा जहाजाचेही नाव आहे. ती जहाजवार लावली, की टॉवर हिलच्या पत्र्यांवर जे एका दृष्टिक्षेपात दिसते, तेच आपल्यालाही दिसू लागेल. सहा हजार नावे म्हणजे फार नव्हेत. आमच्या महाविद्यालयांतले विद्यार्थी प्रकल्पाच्या नावाखाली याहून निरर्थक तक्ते दरवर्षी भरतात. गावाचे नाव नोंदलेले असेल तेथे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड वेगळे काढावे आणि त्या त्या ग्रामपंचायतीला यादी पाठवावी. सुरुवात ‘गिरसप्पा’ने करावयाची, तर तिची माणसे बहुधा बंगालची निघतील, मग ती यादी सिलहट-चितगावच्या वर्तमानपत्रांकडे पाठवता येईल.

ब्रिटनच्या टांकसाळीने २०१४ साली ‘गिरसप्पा’च्या चांदीची पाव औंसाची वीस हजार नाणी पाडली. त्यांच्या कडेवर बोटीचे नाव कोरलेले आहे.